पिसं झडण्याचे दिवस

९ जानेवारी २००७
ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समधून सुटले एकदाची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून काय मिळणार, असं विचारणाऱ्या बाबांना आता उत्तर देता येईल: पेंग्विन. काजूचे कारखानदार श्रीपादशेट यांनी वेंगुर्ल्याच्या बंदराजवळचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना घेतला, आत थंड पाण्याचं तळं बांधलं आणि नऊ पेंग्विन आणले. कुठून, कसे, हे विचारलं की नुसते हसतात. मला माडीवरची खोली दिलीय, खिडकीतून होड्या दिसतात. साफसफाईला आणि मासे भरवायला मथुरामावशी आहे, पूर्वी बाजारात मासे विकायची. पक्ष्यांना ती ‘माझी चेडवां’ म्हणते, म्हणजे मुली. आल्या आल्या तिने मला सोलकढी पाजली.

१४ जानेवारी
मावशीने विचारलं, ‘‘ह्येंका थंडी कशी लागणा नाय गो?’’ मग काय, मी सुरूच झाले. पिसं मंगलोरी कौलांसारखी एकावर एक बसलेली. शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने त्यांवर चोपडतात, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि आतली हवा ऊब धरून ठेवते. खाली चरबीचा थर. पायाकडे जाणारं गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकतं. तरी पाणी ऊब ओढतंच, आणि ती भरून काढायला भरपूर मासे लागतात. ऊब कुठून तरी आणावीच लागते. मावशीने मान डोलावली आणि आणखी एक बांगडा टाकला.

२० जानेवारी
आठवडाभर बेसुमार खाऊन पक्ष्यांनी आता माशांकडे पाठ फिरवलीय. पिसं विस्कटलीत, झडायला लागलीत. या दिवसांत पेंग्विन पाण्यात उतरत नाही. उपाशीपोटी कोरड्यावर उभा राहतो, कारण अर्धवट पिसांनी पाण्यात गेला तर गारठून मरेल. शेटना हे सांगितलं. म्हणाले, सव्वीसला उद्घाटन आहे, पत्रिका वाटून झाल्या, पक्षी पोहले नाहीत तर लोक काय बघणार? मी म्हटलं, मढी बघतील. माझा आवाज चढला, चढू दे. या माणसाने नऊ जीव विकत घेतले आणि त्यांच्याविषयी एक ओळ वाचली नाही.

२६ जानेवारी
मी नकार दिला, तर शेटनी मावशीच्या हातात झाडू दिला आणि पक्षी पाण्यात लोटायला लावले. वर यायची फळीही काढून घेतली. मावशी रडत होती, लोक टाळ्या वाजवत होते. संध्याकाळपर्यंत सगळे मरणार, अशी माझी खात्री होती.
एकही मेला नाही.

२९ जानेवारी
हे शक्य नाही. अंगावर उघडे चट्टे, पोटात अन्नाचा कण नाही, दिवसभर बर्फगार पाण्यात. तरी अंगाचं तापमान धडधाकट पक्ष्याइतकं. ही ऊब येते कुठून?
मावशी भर उन्हात स्वेटर घालून बसते. म्हणाली, ‘‘बाय, हातात जीवच नाय माझ्या.’’ हात धरला तर बर्फातून काढलेल्या मासळीसारखा. डॉक्टरांकडे नेलं. पारा हललाच नाही. त्यांनी थर्मामीटर बदलला, तोही तसाच. मग अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या.

२ फेब्रुवारी
मावशीला घरी पाठवलं आणि दुपारी तळ्याकाठी स्वतः उभी राहिले. नऊही पक्षी पोहत माझ्याकडे आले. कठड्याला छाती टेकवून, ओळीने. आधी माझी बोटं गेली. मग मनगटं. थंडी हळूहळू आत सरकत होती, आणि त्यांच्या उघड्या कातडीवरून वाफ निघत होती.
ऊब येते ती आमच्यातून.
पक्ष्यांचा दोष नाही. त्यांना जगायचंय. दोष शेटचा. त्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, तुला जमत नसेल तर मथुराला परत आणतो, ती गरीब आहे, येईल. नालायक माणूस. ती आणखी एकदा काठावर उभी राहिली तर मरेल.

४ फेब्रुवारी
पक्षी कोरड्यावर आला की ऊब ओढत नाही, हे आज एक वर काढून पाहिलं. म्हणजे सगळे बाहेर काढायचे. फळी नाही, मीच उतरते, छातीशी धरून एकेक वर ठेवते. आज चार. दात वाजायचे थांबलेत, हे चांगलं लक्षण नाही. शेटला मनातल्या मनात शिव्या घातल्या की बोटं हलतात.

५ फेब्रुवारी
आणखी दोन. मावशीचा नवरा महादू सांगून गेला — ती पेज जेवली, हात ऊन झाले. पण शेटची जीप उद्या तिला न्यायला येणार. मी म्हटलं, पाठवू नकोस. तो म्हणाला, शेटना नाय कसां म्हणतलंव? संताप — अजून आहे. तेवढ्यावर उतरते.

६ फेब्रुवारी
आठ वर. एक पाण्यात. माझ्याकडेच बघतोय —
पाय कळत नाहीत.
शेटने काहीतरी वाईट केलंय. काय ते — मला त्याची चीड होती. काल होती.
जीपचा आवाज. मथुरामावशी उतरली. हसतेय. हात वर केला. दाराकडे येतेय —
तिला ओरडून थांबवायला हवं. का ते आठवत नाही. काहीच वाटत नाही. ती आत आली, काठाशी —