सारखे कापलेले पाय

ता. ४ जून

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद. तू पाठवलेल्या त्या चिमुकल्या दिव्याने माझ्या नाकी नऊ आणले आहेत. बॅटरी नवी, तारा घट्ट, रेझिस्टर तू सांगितलास तोच. तरी मेला पेटत नाही! त्याचा एक पाय लांब, एक आखूड होता. दिसायला नीट म्हणून मी दोन्ही सारखे कापले, एवढेच.

सरकारी वकिलीवरून मला काढून महिना झाला. एका ओळीचा हुकूम, कारण नाही. कारखान्यातल्या स्फोटाचा खटला मागे घ्यायला मी नकार दिला, हे कारण मात्र सगळ्या कोर्टाला पाठ आहे. कारखाना मंत्र्यांच्या मेहुण्याचा. आता नवे वकीलसाहेब पंधरा तारखेला तो मागे घेण्याचा अर्ज करणार. स्फोटात मुलगा गेलेली बाई काल घरी येऊन बसली होती. माझ्या बाजूने तुम्ही उभ्या राहा, म्हणाली. राहिले तर सरकारी काम पुन्हा मिळणे नाही. नुसती चिडचिड होते.
तुझी ताई

ता. ८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. धन्य आहेस! लांब पाय बॅटरीच्या अधिक टोकाचा, आखूड उणे टोकाचा. ओळखायची खूणच तू छाटलीस. लहानपणी माझ्या पेन्सिलीही अशाच एका मापाच्या करायचीस. आता दिवा उलटा करून लाव.

ते लोक तुला परत बोलावतील अशी आशा तू अजून धरून आहेस, हे वाचून मात्र मला रागच आला. दुकानातले दोन रेडिओ तसेच टाकून हे लिहितोय. त्या बाईला हो म्हण. कमीजास्त लिहिले असेल तर कान धर, पण माया कमी करू नकोस.
तुझा धाकटा

ता. १६ जून

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद. दिवा लागला. कोर्टात मात्र नुसती पुढची तारीख पडली. न्यायाधीशांनी अर्जाचे कारण विचारले तर नवे साहेब कागदच चाळत बसले, तरी अर्ज काही फेटाळला गेला नाही. घरी येईपर्यंत मी धुमसत होते.

एक सांगायचे राहिले. पुकारा झाला तशी मी उठले आणि सवयीने म्हणाले, सरकारतर्फे. सगळे कोर्ट हसले. मी दुरुस्ती केली, मृताच्या आईतर्फे. मग कोणी हसले नाही.

आणखी दिवे पाठव. पाय कापणार नाही. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी ताई