मर्लची टाकी आणि जजबाईंचं सरबत

प्रिय लव्हर्नताई,

तुला आणि क्लाइडभावोजींना खूप खूप प्रेम. भावोजींचा गुडघा काय म्हणतोय? (डॉक्टरांचं ऐकत नसतीलच, तुझ्या जिवाला नुसता घोर!) इकडे आम्ही ठणठणीत आहोत. म्हणजे मी आहे. मर्ल गॅरेजमध्ये रुसून बसलाय.

तुला ठाऊकच आहे, पाणी-खात्यानं नियम काढला : खाडीत घाण जाते, घरोघरच्या सेप्टिक टाक्या बंद करा आणि गावाच्या ड्रेनेज लाइनला जोडून घ्या. झालं, मर्लचं डोकं फिरलं. ती टाकी त्याच्या वडिलांनी स्वतः खणलेली, वर त्यानं गुलाब लावलेत. (आपल्या आईच्या थडग्यावरसुद्धा एवढे नाहीत.) अर्ध्या गावाला चिथवून त्यानं कोर्टात दावा ठोकला. हरलो तर टाकीला सील लागेल, मग या घरात राहायचं कसं, असं मी कानीकपाळी ओरडले. पण ऐकेल तो मर्ल कसला!

जजबाई म्हणाल्या, संडासात हिरवा रंग टाकून बघा, कुठे बाहेर निघतो का. चमचाभर पुरतो गं! आमच्या शूरवीरानं अख्खा डबा ओतला आणि दिवसभर फ्लश ओढत बसला. पुढे कित्येक आठवडे खाडी निळीशार, हिरव्याचा टिपूससुद्धा नाही. मर्लचे पाय जमिनीवर ठरेनात. जजबाई पाहणीला आल्या त्या दिवशी यानं अंगणात टेबल मांडलं, शिंपल्यांचं सूप केलं. मी सरबतासाठी काचेच्या जगमध्ये लिंबू पिळून, साखर घालून ठेवलं होतं. साहेबांनी भाषण ठोकत बागेतल्या विहिरीचा पंप हापसला आणि सगळ्यांदेखत जग भरला.

ताई, पोपटी गं, पोपटी! शेजारचा डेल्बर्ट, दाव्यातला याचा उजवा हात, सूप टाकून कुंपणावरून पसार झाला. जजबाईंनी ग्लास उन्हात धरून विचारलं, "मिस्टर हूपर, हे काय?"

"पुदिना आहे, मॅडम," असं म्हणून हा पठ्ठ्या घटाघटा प्यायला!

मी हसू आवरेना म्हणून गुलाबांमागे पळाले, आणि तिथे मला रडूच कोसळलं. वेडा आहे, पण माझा आहे ना. टाकीला त्याच संध्याकाळी सील लागलं.

बाकी सगळं छान.

तुझीच धाकटी,
विनी

ता. क. : तुझी पाहुण्यांची खोली रिकामी आहे ना? लाइन जोडेपर्यंतच. वर्षभर, फार तर.

ता. क. २ : हे पत्र मिळेल तेव्हा आम्ही वाटेत असू. तुमच्या फ्रेस्नोपर्यंत तीन तासांचा रस्ता, आणि वाटेतले सगळे संडास ड्रेनेजला जोडलेले, म्हणून मर्ल तत्त्वासाठी एकातही पाय ठेवणार नाही म्हणतोय. तेव्हा बेल वाजली की गप्पा नंतर, आधी दारातून बाजूला हो.