खिळ्यावरच्या तीस किल्ल्या

४ तारीख, मंगळवार

चि. टाचणीस, आजीचे अ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि मागे कोणीतरी फायली आपटत असतं. कागदावर लिहिलं की निदान दोनदा वाचशील. माझी शाळा दुसरीपर्यंत, अक्षर कोंबडी नाचल्यासारखं, तरी वाच.

गेल्या गुरुवारी तुमच्या ऑफिसातले पाहणीवाले साहेब गल्लीत येऊन गेले. आमच्या गल्ली संस्थेला पालिका दर वर्षी अनुदान देते, ते पुढे चालू ठेवायचं की नाही ते बघायला. नियम तुला पाठच आहे, गल्लीत तीस दुकानं चालू पाहिजेत. आमची मोजून तीस, आणि तीसही उघडी होती. फक्त सहा दुकानांचे मालक कामावर नव्हते. शिंप्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, चौघं तापानं आडवे, आणि छत्रीवाला लेकीच्या बाळंतपणाला गेलेला.

आपली रीत तू लहानपणापासून बघतेस. शटर खाली राहू द्यायचं नाही. गिऱ्हाईक दोनदा बंद दार बघून गेलं की तिसऱ्यांदा पलीकडच्या रस्त्याला जातं आणि तिकडचंच होतं. म्हणून तीसही दुकानांच्या जादा किल्ल्या माझ्या बटणांच्या दुकानात खिळ्यांवर, आणि ज्याला फुरसत तो आपलं दुकान घरच्यांवर सोपवून दुसऱ्याचं उघडून बसतो. काम घेऊन ठेवायचं, मालक उठला की तो करतो.

साहेब चष्म्याच्या दुकानात शिरले आणि विचारलं, वाचायच्या चष्म्याची काच किती दिवसांत मिळेल. तिथे बसला होता मोची. तो म्हणाला, मला काय विचारता, मी चपला शिवतो. जन्मात कधी नाही ती खरं बोलायची घाई झाली मेल्याला. शिंप्याकडे न्हावी बसलेला. त्यानं साहेबांच्या शर्टाऐवजी डोक्याकडेच बघितलं आणि म्हणाला, मागून जरा वाढलेत.

आज नोटीस आली. बंद दुकानं उघडी भासवली, म्हणून अनुदान थांबवलंय आणि चौदा तारखेला सुनावणी. अनुदान गेलं तर कामाच्या खोलीचं भाडं कोण भरणार? तिथे चार बाया शिलाई मशीन चालवतात, त्यातल्या दोघींच्या घरात दुसरी कमाई नाही. खोलीचा मालक आत्तापासूनच एका गोदामवाल्याला चहा पाजतोय.

तर सरळ विचारते. फाइल तुझ्या टेबलावरून जाते. त्यात पाहणीचा एक कागद आहे. पालिकेत कागद गहाळ होणं काही नवीन नाही. माझा नळाचा अर्ज दोनदा गहाळ झाला, तेव्हा कोणाची नोकरी गेली नाही.

मी बरी आहे. चप्पल चावते म्हणून चाल जरा वाकडी, बाकी काही नाही.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस आणि उत्तर धाड.

तुझी आजी


७ तारीख, शुक्रवार

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा नाही, पाचदा वाचलं. असं पत्र कोणी लिहितं का गं? फाडायला घेतलं होतं, पण तुझं अक्षर बघून हात चालेना. कपाटात खाली दडवून ठेवलंय.

आजी, ती फाइल माझ्याकडे नाही. आली त्याच दिवशी मी मोठ्या साहेबांना लिहून दिलं की या संस्थेची अध्यक्ष माझी आजी आहे, फाइल दुसऱ्याकडे द्या. मला वाटलं होतं, शहाणपणा केला. पण पाहणीवाल्यांनी अहवालात लिहिलंय की सहा जण सहा दुकानांत तयारच बसले होते, म्हणजे पाहणीची तारीख कोणीतरी आधी फोडली होती. आणि मग खाली, अध्यक्षांची नात याच खात्यात आहे. बुधवारपासून मला घरी बसवलंय. चौदा तारखेला माझाही निकाल आहे. मी अजून कायम झालेली नाही, चार महिने बाकी आहेत. आरोप चिकटला तर नुसती ही नोकरी जाणार नाही, पुढे कुठल्याही ऑफिसात मला उभं करणार नाहीत.

तारीख मी सांगितली नव्हती. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण नातीच्या बाजूनं आजी बोलली तर कोण मानणार? कागद लागेल. तुझी ती चित्रांची वही अजून चालू आहे का? कात्री म्हणजे शिंपी, जोडा म्हणजे मोची, बटण म्हणजे तू. कोणाच्या दुकानात कोण बसलं ते तू रोज काढायचीस. शिंपी पाहणीच्या आधीपासून नाही आणि न्हावी तेव्हापासून तिथे बसतोय, एवढं त्यात दिसलं तरी मी सुटते. नाटक एका दिवसाचं असतं, वही रोजची असते. ती घेऊन ये.

आणि कागद गहाळ करायचं पुन्हा सांगू नकोस. तो तुझ्या घराचा कागद असता तरी मी केला नसता.

रागावलीस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.

तुझी टाचणी


१० तारीख, सोमवार

चि. टाचणीस, अ. आ.

वही आहे. द्यायची की नाही ते माझं मी बघीन.

काल कामाच्या खोलीत सगळे जमले. मोची म्हणाला, ते सहा जण पगारी नोकर होते असं सांगू. न्हावी म्हणाला, मग माझा पगार किती ते आधी ठरवा. दोघांची जुंपली. चष्मेवाला तापातून उठून आला होता, तो म्हणाला की आजीबाईंची वही दाखवली की विषय मिटला. सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघितलं. छताला ओल आली आहे.

एवढ्या गोंधळात एक बाई मशीन चालवतच होती. कोणी तिला थांब म्हणालं नाही. तिला दुसऱ्या दिवशी वीस झबली द्यायची होती.

पालिकेच्या नियमांचा कागद तू मला गेल्या वर्षी वाचून दाखवलास. त्यात एक ओळ होती, मालक सलग महिन्याच्या वर दुकानात नसेल तर ते दुकान बंद धरतात. तेव्हा मी हसले होते. एवढे दिवस कोण घरी बसतं, असं म्हणाले होते. ती ओळ आजच का आठवली ते विचारू नकोस.

घरी बसली आहेस तर निदान वेळेवर जेव. रडत बसू नकोस, त्यानं फक्त नाक लाल होतं, आणि तुझं आधीच मोठं आहे.

लोभ आहेच, रोज रोज काय लिहायचं.

आजी


१८ तारीख, मंगळवार

ती. आजीस, नमस्कार.

काल कामावर रुजू झाले. चौकशी माझी होती, म्हणून निकालासोबत तू सुनावणीत दिलेल्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स मलाही मिळाल्या. पाहणीच्या आठवड्याची पानं बघून साहेबांनी मला तिथेच मोकळं केलं. शिंप्याच्या कात्रीपुढे नऊ दिवस न्हाव्याचा कंगवा. पाहणीवाले म्हणे तुझ्याशी वाद घालायला गेले, तर तू त्यांना विचारलंस की साहेब आजारी पडले की त्यांच्या खुर्चीत कोण बसतं.

मग मी मागची, गेल्या थंडीतली पानं चाळली. बटण. बटणापुढे जोडा. दुसऱ्या दिवशी बटणापुढे छत्री. मग कंगवा, चष्मा, पुन्हा जोडा. मी बोटानं मोजले, आजी. एक्केचाळीस दिवस. चित्रंही तुझ्या हातची नाहीत, कोणीतरी तुझ्यासाठी काढलेली.

त्या थंडीत मी ट्रेनिंगला दुसऱ्या शहरात होते. तुझी तीन पत्रं आली. दुकानात मान वर करायला फुरसत नाही, असं लिहिलं होतंस. काल संध्याकाळी मोच्याला फोनवर गाठून विचारलं. बटणांचे डबे काढताना शिडीवरून पडलीस, खुब्याचं हाड मोडलं, दीड महिना हॉस्पिटलात. आणि मला सांगतेस चप्पल चावते!

बाकी सगळी दुकानं पास झाली. एकच बंद धरलं, तुझं. एकोणतीस. अनुदान वर्षभर बंद. मला सोडवायला पाहणीच्या आठवड्याची पानं पुरली असती. थंडीतली पानं तू काढून का घेतली नाहीस? तुला ती ओळ आठवत होती. त्या बायांची खोली गेली, आणि मी टेबलावर बसून शिक्के मारतेय.

इतका राग आलाय की शेवटी काय लिहायचं ते सुचत नाही.

टाचणी


२० तारीख, गुरुवार

चि. टाचणीस, अ. आ.

पानं काढायला बसले होते. तेरा तारखेला, ब्लेड घेऊन. खोटं कशाला सांगू.

पण वही मधोमध शिवलेली आहे. एक पान काढलं की त्याचं जोडपान सुटून हातात येतं. थंडीतल्या पानांची जोडपानं म्हणजे नेमकी पाहणीच्या आठवड्याची. माझं आजारपण काढलं की तुझी सुटका गळून पडते. आणि सुटी पानं घेऊन गेले असते तर साहेबांनी पहिलं तेच विचारलं असतं, बाई, बाकीची कुठे आहेत. दहा वेळा उलटसुलट करून बघितलं, मग ब्लेड ठेवून दिलं. त्या चौघींना आधी जाऊन सांगितलं. झबलीवाली म्हणाली, मशीन कुठे न्यायचं तेवढं सांगा.

रविवारी खोली रिकामी केली. एक मशीन शिंप्याकडे गेलं. एक न्हाव्याकडे, त्याचं बाकडं बाहेर काढून; गिऱ्हाइकं आता उभी राहून कुरकुर करतात. दोन माझ्याकडे. पालिकेच्या हिशेबी बंद असलेल्या दुकानात आता एवढा खडखडाट असतो की मला बटणं मोजता येत नाहीत. जागा अपुरी आहे, दोघी पाळीपाळीनं जेवतात, एकीनं माझ्याशी भांडणही काढलं. वर्षभर असंच चालेल. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा आहे, तो तू लिहायचा नाहीस, तुझा हात त्याला लागायला नको.

आजारपण सांगितलं नाही, कारण तू ट्रेनिंग टाकून आली असतीस आणि पलंगापाशी बसून माझं डोकं खाल्लं असतंस. तुझ्या बापालाही कळवलं नाही, तेव्हा फुगून बसायचं असेल तर दोघं मिळून बसा.

शनिवारी मला खुबा दाखवायला डॉक्टरकडे जायचंय. चष्मेवाल्याचा ताप उलटला म्हणून मोची पुन्हा त्याच्याकडे, न्हावी अजून शिंप्याकडे, छत्रीवाला आजोबा झाल्यापासून कामाचा राहिलेला नाही. तुला सुट्टी असते. वहीत शनिवारी बटणापुढे टाचणी काढली आहे. शाईनं काढली आहे, खोडता येणार नाही.

नऊला ये. जिभेला धार आहे तोवर माया आहे असं समज. किल्ली खिळ्यावर आहे. शटर अर्ध्यावर अडतं, खालून लाथ मार.

आजी