भाग्यश्रीच्या लग्नासाठी ड्रोन

६ जानेवारी
फसले! शेषरावकाका म्हणाले, "ड्रोन असंल तरच लग्नाच्या फोटोचं काम तुमचं," आणि मी पटकन हो म्हणून बसले. काका दुर्गला रेल्वेत टीसी. एकुलती एक पोरगी, भाग्यश्री. सगळं लग्न वरून दिसलं पाहिजे म्हणे! आठ फेब्रुवारीला. माझ्याकडे ड्रोन नाहीच — भाड्याचाही त्या तारखेला कुठं मिळत नाही, सीझन आहे. एवढं मोठं काम सोडवतही नाही.

९ जानेवारी
सुमेध — माझा चुलतभाऊ, व्हिडिओ तोच काढतो — म्हणतो, "दीक्षाताई, नवा घे, किस्तीवर." सिविक सेंटरच्या दुकानात जाऊन आले. हप्ता ऐकला अन् परत फिरले. एक जुना पाहिला, त्याची बॅटरी फुगलेली. नको!

१३ जानेवारी
भाग्यश्रीचा फोन. "दीदी, ड्रोन लिया क्या?" नाही म्हटलं. "मत लो अभी. थोडं थांबा." कावून, का थांबू? विचारेपर्यंत फोन बंद. दुसरा फोटोवाला पाहिला असणार. माझ्यावर भरोसा नाही तर तोंडावर सांग ना!

१४ जानेवारी
सुमेधशी भांडण. ड्रोन घ्यायचा की नाही, यावरून.

१७ जानेवारी
रसमड्याला एका इंजिनियरचा वापरलेला ड्रोन पाहिला. छोटा, पण चित्र एकदम साफ. मैदानात उडवून पाहिला — वारा होता तरी डगमगला नाही. भावही परवडतो. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो म्हणाला. सुमेध खूश.

घरी आले तर पुन्हा भाग्यश्री. आवाज बारीक. "घेतला का?" मी चिडलेच. "तू सारखं कावून विचारून राहिली?" मागून कोणीतरी बोललं, फोन कटला.

२२ जानेवारी
प्री-वेडिंगचं शूट. नवरदेव गोड बोलणारा — कॅमेऱ्यासमोर. "हस ना!" म्हणत त्यानं तिचा दंड धरला. ती कळवळली. बाही वर सरकली — निळे-काळे डाग! तिनं घाईनं ओढणी घेतली.

तो फोनवर बोलत बाजूला गेला तेव्हा ती माझ्या कानाशी आली. "दीदी, मी हे लग्न नाही करणार. पापा को बोलने की हिम्मत नहीं हो रही. तुम्ही ड्रोन घेऊन बसाल, तुमचे पैसे फसतील — म्हणून फोन करत होते."

माझी काळजी! आणि मी तिला मनात काय काय बोलून गेले होते. सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरचा पत्ता दिला. केव्हाही ये म्हटलं.

२५ जानेवारी
रसमड्याच्या इंजिनियरला ड्रोन नको म्हणून कळवलं. सुमेध ओरडला, "पागल झाली का तू? ऐन वक्ताले!" काय सांगू? गुपित तिचं आहे. बाबांना मात्र सांगावंच लागलं, घर त्यांचं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग एवढंच — "तिले म्हण, ये."

२८ जानेवारी
दुपारी भाग्यश्री आली, एक बॅग घेऊन. संध्याकाळी तिला शोधत शेषरावकाका. दारातूनच — "फोटोवालीच्या घरी काय करून राहिली तू?"

तिनं बाही वर केली. "हे त्यानं केलं, पापा."

काका खुर्चीवर बसले. पाणी दिलं, प्यायले नाहीत. आमच्यासमोरच नवरदेवाच्या बापाला फोन लावला.

"लग्न होणार नाही. कावून, ते तुमच्या पोराले विचारा."