आईचा मुक्काम लांबला

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तू आणि भाऊजीही ठणठणीत असाल. इकडे ऊन तापायला लागलंय, शेजाऱ्यांनी मांजर पाळलंय आणि आमच्या मोरीतला नळ एकदाचा गळायचा थांबलाय.

आई रविवारी तुझ्याकडे परत का आली नाही, असं तू विचारलंस. सांगतो. पण त्याआधी दुसरंच काही सांगायला हवं.

छापखाना बंद पडल्यापासून मी घरी बसून मुद्रितं तपासतो, असं तुम्हाला सांगत आलोय. तपासतो, अधूनमधून. बाकी वेळ स्वयंपाक, धुणं, भांडी, केर. तुझी भावजय पहाटेची बस घेऊन जाते, दमून येते आणि आयतं जेवते. आमचं झकास चाललंय. फक्त आईला कळलं तर तिला काय वाटेल, या विचाराने मला घाम फुटायचा.

म्हणून आई यायच्या आधी आम्ही चक्क नाटक बसवलं. बायकोने रजा काढली. ती ओट्यापाशी, मी पेपर उघडून खुर्चीत. तिला स्वयंपाकघरातलं काही म्हणजे काही सापडत नाही, म्हणून खुणा ठरल्या. एकदा खोकलो तर वरची फळी, दोनदा खोकलो तर खालचा खण. गाळणी, साखर, मीठ, झाकण्या! मी इतका खोकलो की आईने मला डोक्यावर टॉवेल टाकून वाफ घ्यायला बसवलं.

तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. मी टॉवेलसकट धावलो, गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून खिळ्याला लावलं आणि ओरडलो, "लक्ष कुठंय तुझं? गॅस बारीक ठेवायचा असतो!"

"मला काय माहीत? रोज तूच तापवतोस ना!"

मग दोघांनीही जीभ चावली. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फडक्याकडे. म्हणाली, "पिळतोस अगदी माझ्यासारखं." आणि हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेली. मी आईचं ताट वाढलं. ती सवयीने उठायला लागली, मी खांदा धरून बसवलं. पहिला घास घेऊन ती थांबली.

"भाजलं का गं?"

"नाही रे. गरम असताना असं लागतं होय."

मला रडूच आलं. मी धुतलेलीच भांडी परत धुवायला लागलो.

ताई, राग मानू नकोस. तुझ्याकडे ती सगळ्यांना वाढते आणि उरलंसुरलं गार जेवते. तू ऑफिसातून थकून येतेस, भाऊजी ताटावरूनच हाका मारतात. रविवारचं परतीचं तिकीट आईनेच रद्द करायला लावलं. निरोप तिचाच आहे, "जावयांना म्हणावं, स्वयंपाकाला हात लावायला लागलात की कळवा, मी येते." हसत म्हणाली, पण गंमत केली नाही.

आता पुरे करतो. आई आतून हाक मारतेय, "भूक लागली रे, वाढतोस ना?" आपल्या आईला असं म्हणताना तू कधी ऐकलंयस?

तुझा धाकटा