फळीवर काय ठेवायचं

आई,

माझं काम नेमकं काय आहे, हे मी तुला कधी नीट सांगू शकले नाही. तू विचारायचीस, मी "कम्प्युटरचं" एवढंच म्हणायचे, आणि तू "सरी", म्हणजे कानडीत "बरं", म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचीस. तेव्हाचं काम वेगळं होतं. तू गेल्यानंतर जे करायला लागले ते तुला चटकन कळलं असतं, म्हणून चुटपुट जास्त लागते. इथे बंगळुरात, मारतहळ्ळीच्या ऑफिसात बसून मीही एक दुकानच सांभाळते. हल्ली मोठ्या संस्थांचे प्रोग्रॅम एका कम्प्युटरवर चालत नाहीत, अनेक कम्प्युटरांवर मिळून चालतात. एक बंद पडला तर त्याचं काम आपोआप दुसऱ्यावर सरकतं. ही सगळी व्यवस्था जे सांभाळतं त्याला कुबरनेटीस म्हणतात. त्यावर बसवायचे तयार प्रोग्रॅम आम्ही एका कॅटलॉगमध्ये मांडून ठेवतो. गिऱ्हाईक नाव बघतं, बटण दाबतं, प्रोग्रॅम बसतो. यातले बरेचसे आम्ही केलेले नसतात. बाहेरच्या लहानमोठ्या कंपन्या, ज्यांना आम्ही पार्टनर म्हणतो, त्या आपला प्रोग्रॅम आणि तो बसवण्याच्या सूचना असं पॅकेज बांधून आमच्याकडे पाठवतात. आधी यंत्र त्याची चाचणी घेतं, मग एक माणूस ते उघडून वाचतं. ते माणूस म्हणजे मी. फळीवर ठेवायचं की परत पाठवायचं, ते मी ठरवते.

तुझ्या बनशंकरीतल्या दुकानात तरी तुझं स्वतःचं काय होतं? गोडा मसाला तेवढा तू करायचीस. बाकी भाजणी, मेतकूट, कुरडया, सगळं कुठल्या ना कुठल्या घरातून यायचं. बायका दुपारी पिशव्या घेऊन यायच्या, तू पिशवीचं तोंड सोडून आधी वास घ्यायचीस, चिमूटभर तळहातावर घेऊन जिभेला लावायचीस, आणि तेवढा वेळ समोरची बाई बोलायची थांबायची. मला ते बघायला आवडत नसे. आपल्या ओळखीच्या, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका तुझ्यापुढे अशा उभ्या राहिलेल्या बघून मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

अक्का मात्र कधी तशी उभी राहायची नाही. आपल्या गल्लीच्या टोकाला राहणारी, तुझ्याहून मोठी, मला केसांत माळायला अबोली आणून देणारी. तिचं नाचणीचं सत्त्व तू न बघता फळीवर ठेवायचीस. नाचणी भिजवायची, वाटायची, गाळायची, तळाशी बसलेलं उन्हात खडखडीत वाळवायचं, हे सगळं ती एकटी करायची. गल्लीतल्या आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या बाळांचं पहिलं खाणं तिच्या हातचं असायचं. नवरा अंथरुणाला खिळल्यावरही तिने ते सोडलं नाही. उलट तेवढंच काय ते तिचं राहिलं होतं.

त्या वर्षी आभाळ उघडतच नव्हतं. अक्का सत्त्वाची पिशवी घेऊन आली, काउंटरवर ठेवली आणि नेहमीसारखी जायला वळली नाही, थांबली. तुझ्या ते लक्षात आलं असणार, कारण तू पिशवी उघडलीस. मी आतल्या स्टुलावर कॉलेजचं पुस्तक घेऊन बसले आहे. तू वास घेतेस, मग पुन्हा घेतेस, चिमूट जिभेवर ठेवतेस आणि पदराने तोंड पुसतेस.

"अक्का, हे ओलसर राहिलंय."

"स्वल्प ऊन कमी पडलं गं. घरात पंख्याखाली वाळवलं. भाजून घेतलं की वास जातो."

"वास जाईल."

"मग?"

"मी नाही घेणार हे."

अक्का हसली, चेष्टा समजून. मग तिच्या लक्षात आलं. तिने पिशवीचं तोंड बांधायला घेतलं आणि गाठ बसेना. मी उठून बांधून द्यायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. पायऱ्या उतरताना तिने कठड्याला धरलं, तेवढं मला आठवतं.

मी तुझ्यावर तुटून पडले. एवढासा वास, कुणाला कळलाही नसता. तिच्या घरी काय चाललंय तुला दिसत नाही का. तुला दयामाया म्हणून नाही. तू काउंटरवर सांडलेली पूड ओल्या फडक्याने पुसत होतीस. पुसून झाल्यावर म्हणालीस, "तुझी दया तू तुझ्या ताटातून कर. दुसऱ्याच्या बाळाच्या वाटीतून करायची नाही." आवाज चढवलाही नाहीस. त्यानंतर मी तुझ्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले.

ऊन पडलं त्या दिवशी तू आपली गच्ची झाडून घेतलीस, वाळत घातलेले कपडे काढलेस, आणि मला अक्काकडे पाठवलंस. "सांग, गच्ची मोकळी आहे, इथे येऊन वाळव म्हणावं. मी राखण करते." मी गेले. अक्काने मला आत घेतलं, लाडूही दिला, आणि म्हणाली, "आईला सांग, आता मला होत नाही." पुढे तिचा नवरा गेला आणि ती मुलाकडे होसकोट्याला राहायला गेली. जाताना गल्लीत सगळ्यांना भेटली. आपल्या दुकानात आली नाही. तू दारात उभी राहून टेम्पो जाईपर्यंत बघत होतीस. फळीवर तिच्या डब्यांची जागा तू बरेच दिवस रिकामी ठेवलीस. सत्त्व देणाऱ्या दुसऱ्या बायका आल्या, त्यांचं तू दुसऱ्या खणात लावलंस. मग एके दिवशी तिथे उदबत्त्या दिसल्या. मी बघितलं, तूही मला बघताना बघितलंस.

आता माझ्याकडे काय झालं ते सांगते. या वर्षी पुण्याहून इथे आलेल्या एका नवराबायकोचं पॅकेज आमच्याकडे आलं. दोघांचीच कंपनी, घरातल्या एका खोलीत चालणारी. त्यांनी रक्तपेढ्यांसाठी प्रोग्रॅम केला आहे. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कुठली कधी आली, कुणासाठी राखून ठेवली, सगळं त्यात राहतं. काम फार चांगलं होतं, आई. वाचताना कळत होतं की रक्तपेढीत प्रत्यक्ष उभं राहून, तिथल्या माणसांना विचारून केलेलं आहे. यंत्राच्या सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या. पण त्या चाचण्या प्रोग्रॅम नव्याने बसवून बघतात. मी तो बसवला, त्यात खोट्या नोंदी भरल्या आणि मग त्याच्यावर नवी आवृत्ती चढवली. पडदा पुन्हा उघडला तर एकही नोंद नाही. नोंदी साठवायच्या जागेच्या नावातच त्यांनी आवृत्तीचा आकडा घातला होता. नवी आवृत्ती आली की ती नव्या रिकाम्या जागी बघायची आणि जुनी जागा पुसून टाकायची. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

मी पॅकेज परत पाठवलं, काय झालं ते लिहिलं, कसं सुधारता येईल तेही लिहिलं. थोड्या वेळाने त्यातल्या नवऱ्याचा फोन आला. आडनावावरून मी मराठी आहे हे त्यांनी ओळखलं होतं. आधी मॅडम म्हणत होते, मग ताई म्हणायला लागले.

"ताई, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते नीट करायचं म्हणजे आतलं बरंच उलटंपालटं करावं लागेल. सोमवारी एका हॉस्पिटलला दाखवायचंय. ते म्हणालेत, तुमच्या कॅटलॉगमध्ये असेल तरच घेऊ. एवढी एक आवृत्ती चालवून घ्या. मी मोठ्या अक्षरात लिहितो ना, नवी आवृत्ती घेण्याआधी बॅकअप घ्या म्हणून."

"आणि कुणी वाचलं नाही तर?"

"लगेच कोण अपग्रेड करतंय हो? तोवर आम्ही सुधारून देतो."

मी म्हटलं, रक्ताच्या नोंदी आहेत. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे कशाच्या आहेत. माझ्या भावाला वेळेवर मिळालं नव्हतं, म्हणून तर हे करायला घेतलं." आमच्याकडचा नियम सांगून मोकळं होता आलं असतं, तोंडावर आलाही होता. पण त्या माणसाला नियम सांगणं मला बरं वाटेना. मी म्हटलं, "मी नाही घेणार हे. तुम्हाला शनिवारी मदत हवी असेल तर मी घरी येऊन बसते, आपण मिळून करू." मग ते म्हणाले, "राहू द्या, मॅडम," आणि फोन ठेवला. ताईचं पुन्हा मॅडम झालं, ते मला फार लागलं.

दुपारी मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. तो स्वभावाने वाईट नाही. "पास कर दो ना, अगले वर्जन में ठीक कर लेंगे. छोटी कंपनी है बेचारी, उनका भी तो सोचो." मी त्याला माझ्या पडद्यावर सगळं करून दाखवलं: नोंदी भरल्या, नवी आवृत्ती चढवली, कोरा पडदा दाखवला. तो खुर्ची ओढून बसला, आणखी एकदा करायला लावलं. मंजुरी तो स्वतःही देऊ शकत होता. त्याने दिली नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "तुम बहुत सख़्त हो यार." मी तुला जे म्हणाले होते, त्याचंच हे ऑफिसातलं सभ्य रूप.

त्या नवराबायकोने पॅकेज काढून घेतलं. हॉस्पिटलने दुसरं कुणाचं तरी घेतलं, असं मागाहून कळलं. मी त्यांना दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर आलेली पॅकेजं उघडायचे आणि आधी त्यांचं नाव शोधायचे. दुसऱ्या कुणाचं पॅकेज मंजूर करतानाही मन खट्टू व्हायचं. मी बरोबर वागले याबद्दल शंका नव्हती, तरी बरं काही वाटत नव्हतं. बरोबर वागल्यावर माणसाला बरं वाटतं, असं मी तोवर धरून चालले होते. तू त्या दिवशी काउंटर पुसत होतीस तेव्हा तुला तुझ्या खरेपणाचं समाधान वाटत असणार, असंही मी इतकी वर्षं धरून चालले होते.

पावसाळा संपता संपता त्यांचं पॅकेज पुन्हा आलं. या वेळी बायकोच्या नावाने. सोबत एवढंच लिहिलं होतं की अपग्रेड करून पाहिलं आहे, नोंदी राहतात. आधीच्या प्रसंगाचा उल्लेख नाही, नमस्कार नाही. मी नोंदी भरल्या, आवृत्ती चढवली. नोंदी होत्या. मधेच एक कम्प्युटर बंद पाडून पाहिला. तरी होत्या. मी मंजुरी दिली आणि खाली लिहिलं, काम फार नीट झालं आहे. त्याला उत्तर आलं नाही. आता ते कॅटलॉगमध्ये आहे. हुबळीच्या एका रक्तपेढीने बसवलं, मग आणखी एकीने. नवी आवृत्ती निघाली तेव्हा दोन्हीकडे ती चढली आणि काही म्हणजे काही घडलं नाही. कुणाची तक्रार नाही, कुणाचा फोन नाही. त्या रक्तपेढ्यांतल्या माणसांना कधी कळणारही नाही की त्यांच्या नोंदी पुसल्या जाऊ शकल्या असत्या. त्या पुण्याच्या माणसाने मला पुन्हा कधी फोन केला नाही. करेल असं वाटतही नाही. त्याच्या जागी मीही केला नसता.

अक्काचं ते सत्त्व कुणी खाल्लं असतं तर काय झालं असतं, हे तुला तरी कुठे माहीत होतं? कदाचित काहीच झालं नसतं. तू ते माहीत नसतानाच तिला गमावलंस, आणि मग माझा रागही निमूटपणे घरात वागवलास. तेव्हा एकदा तरी म्हणायचंस की तुलाही जड गेलं. मी समजून घेतलं असतं असं नाही. त्या वयात नसतंच घेतलं. पण आज मला ते शब्द आठवले असते. आता मला तुझा फक्त तो फडका धरलेला हात आठवतो आणि त्यावरून सगळा अंदाज बांधावा लागतो. टेम्पो गेल्यावरही तू दारातून लवकर आत आली नाहीस, याचा अर्थ मी आता लावते आहे.

आज सुट्टी घेतली आहे. खिडकीपाशी बसून सकाळपासून हे लिहिते आहे. कुठे पाठवायचं नाही, तरी अक्षर चांगलं काढते आहे. तुझी नात मघाशी दारात आली. "अम्मा, काय लिहितेस?" मी म्हटलं, ऑफिसचं काम. तिने वाकून कागदाकडे बघितलं. शाळेत हिंदी आहे, तिला अक्षरं लागतात. "ऑफिसचं काम मराठीत?" म्हणाली, आणि निघून गेली. तिला तुझ्याबद्दल सांगायला मला लाज वाटली असं नाही, आई. सांगायला लागले असते तर तिच्यासमोर रडू आलं असतं, म्हणून खोटं बोलले.