काळा चेंडू

कलकत्ता, १४ जानेवारी १९३९

तीर्थरूप नाना,

चुडामणचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी सुखरूप आहे. जेवण पोटभर मिळतं, पण भातच फार. आईचा गुडघा कसा आहे? कापसाची वेचणी उरकली का?

स्नूकरच्या स्पर्धेत काल मी हरलो. मनाला लावून घेऊ नका. इथे बोलावलेले सगळे मार्करच. एरवी साहेब लोक खेळतात आणि आम्ही त्यांचे गुण मांडतो.

मी पुढे होतो. काळा चेंडू जाळीत पाडला आणि धुळ्याच्या क्लबात साहेबांसाठी करतो तसा लगबगीनं तो काढून जागेवर ठेवायला वाकलो. पांढरा चेंडू अजून फिरत होता, तो माझ्या बोटांना लागला. ही चूक धरली जाते, सात गुण समोरच्याला गेले. बसलेले लोक हसले. त्यानंतर माझा एकही नेम लागला नाही.

समोर लखनौचा रहमतखाँ होता, तोही जुना मार्कर. तो हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "भाई, चेंडू काढायला माझाही हात निघत होता. मी तो खिशात कोंबून ठेवला होता."

आईले सांगा, बठ्ठं ठीक शे. पाय तेवढे दुखतात.

आज शेवटचा सामना आहे. इथला मार्कर तापानं पडलाय, म्हणून मलाच टेबलापाशी उभं राहायला सांगितलंय. काळा पडला की काढून जागेवर ठेवायचा. आज कोणी हसणार नाही.

तुमचाच,
चुडामण